डीएलएस यंत्र: चार वर्षांच्या वापरानंतर

आमच्या प्रयोगशाळेत अँटिबॉडीचं काम चालतं, आणि गेली चार वर्षं माझा निम्मा दिवस एका टेबलावर मावणाऱ्या डीएलएस यंत्रापाशी जातो. डीएलएस म्हणजे डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग. द्रावणात लेझर सोडायचा आणि विखुरलेला प्रकाश किती भराभर लुकलुकतो ते मोजायचं. लहान कण पाण्यात चपळ असतात, मोठे संथ, म्हणून त्या लुकलुकीवरून कणाचा व्यास काढता येतो. आमच्या यंत्रात 633 नॅनोमीटरचा लाल हेलियम-निऑन लेझर आहे. सॅम्पल थोडंसंच लागतं, पाच-दहा मिनिटांत उत्तर येतं आणि मोजून झालं की प्रथिन परतही मिळतं. महिनाभर खपून शुद्ध केलेल्या प्रथिनाचा थेंबही वाया जात नाही, याचं मोल ज्याने ते काम केलंय त्यालाच कळेल.

एकमेकांना चिकटलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या पकडण्यात या यंत्राचा हात धरणारं दुसरं काही मी वापरलेलं नाही. एकदा गोठवून वितळवलेली एक नळी डोळ्यांना पाण्यासारखी निवळ दिसत होती. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवरही नेहमीचेच स्वच्छ पट्टे आले, कारण तिथल्या डिटर्जंटने सैल गुठळ्या आधीच सुटून जातात. डीएलएसवर मात्र 11 नॅनोमीटरच्या शिखराशेजारी शंभरच्या पुढे दुसरं शिखर उभं होतं. इतक्या लहान कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. 100 नॅनोमीटरचा एक कण 10 नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका चमकतो. म्हणून गुठळ्या नावापुरत्या असल्या तरी लपत नाहीत.

पण हाच सहावा घात घातही करतो. पहिल्या वर्षी एका बॅचचा सरासरी व्यास 900 नॅनोमीटर आला. मी घाबरून सगळ्यांना कळवलं आणि बॅच टाकून द्यायची वेळ आली. निघाली क्युव्हेटमधली, म्हणजे सॅम्पल ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्यातली, धूळ. सेंट्रिफ्यूज करून स्वच्छ क्युव्हेटमध्ये मोजल्यावर तेच प्रथिन 11 वर आलं. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं, आणि माझी मोठी तक्रारही तिथलीच आहे: सॉफ्टवेअर सरासरी व्यास ठळक अक्षरांत समोर मांडतं आणि कोरिलेशनचा आलेख, म्हणजे लुकलुक किती लवकर बदलते ते दाखवणारा वक्र, दुसऱ्या टॅबमध्ये ठेवतं. खरं काय ते त्या आलेखात असतं. वक्र गुळगुळीत उतरून शून्याला टेकला तर आकड्याकडे बघा. शेपटी वर-खाली होत असेल तर सॅम्पल परत गाळा.

विस्कोसिटीचंही, म्हणजे द्रावणाच्या दाटपणाचंही, तसंच. बफरमध्ये, म्हणजे प्रथिन ज्या द्रावणात ठेवतो त्यात, 10 टक्के सुक्रोज असेल आणि तुम्ही यंत्राला नुसतं पाणी सांगितलं, तर व्यास सुमारे 30 टक्के फुगून येतो. यंत्र कुठेही हटकत नाही. शिवाय मोनोमर (सुटा रेणू) आणि डायमर (दोन रेणूंची जोडी) वेगळे करून दाखवायची अपेक्षा ठेवू नका. दोन व्यासांत साधारण तिपटीचा फरक नसेल तर एकच रुंद शिखर दिसतं. त्यासाठी रेणू आकारानुसार वेगळे करणारा कॉलमच लागतो. रक्ताचं सीरम तसंच ओतूनही हाती काही लागत नाही.

या तंत्राबद्दलची माझी माया मात्र नुसत्या सोयीपुरती नाही. 1975 मध्ये तोयोइची तानाका आणि जॉर्ज बेनेडेक यांनी माणसाच्या आणि गाईच्या डोळ्यांतल्या अखंड भिंगांत लेझर सोडून आतल्या प्रथिनांची हालचाल मोजली. मोतीबिंदूत भिंगातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, मोठी होतात, संथ होतात. म्हणजे मी रोज नळीत शोधते तेच. त्वचेतला रक्तप्रवाह मोजणारी लेझर डॉपलर उपकरणंही याच कुळातली, फक्त तिथे प्रकाश विखुरतात त्या धावत्या लाल पेशी.

प्रथिनं, लायपोसोम (लिपिडचे सूक्ष्म पोकळ गोळे) किंवा लसीतले लिपिडचे कण हाताळत असाल तर हे यंत्र जरूर घ्या. सोबत चांगले फिल्टर आणि क्वार्ट्झचं क्युव्हेट घ्यायला विसरू नका. आमच्याकडे नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी मी फक्त गाळलेलं बफर मोजायला लावते. काउंट रेट, म्हणजे यंत्रापर्यंत पोचणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशाचं प्रमाण, खाली येऊन स्थिर होईपर्यंत प्रथिनाची नळी फ्रीजमधून बाहेर येत नाही.