महिन्याला एक विषय: दिनविशेष, पाठ्यपुस्तक की ऋतू? नागपूरच्या शाळेसाठी तीन पद्धतींची तुलना

वर्षभर महिन्याला एक विषय घेऊन शिकवायचे असे शिक्षकसभेत ठरले, की पहिल्याच बैठकीत बारा चौकटींचा तक्ता फळ्यावर निघतो. नागपुरात तो तिथेच चुकतो. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे जून हातात नसतोच. दिवाळीची सुट्टी एक तुकडा तोडते, दोन्ही सत्रांच्या परीक्षा आणखी दोन तुकडे तोडतात, आणि एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटेपर्यंत मुलांचे लक्ष पाण्याच्या बाटलीकडे असते. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस भरतात, पण एकाच विषयावर तीन आठवडे सलग काम करता येईल असे महिने मोजले तर सातच निघतात: जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध. नियोजन सातांचे करा. बारांचे केले तर पाच कागदावरच राहतात.

हे सात विषय कशावर बांधायचे, याच्या तीन पद्धती शाळांमध्ये दिसतात.

दिनविशेषावर बांधलेले वर्ष

सगळ्यात सोपी आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वापरली जाणारी. परिपाठात दिनविशेष असतोच, त्याचाच महिना करायचा. २६ नोव्हेंबर संविधान दिन, २२ डिसेंबर गणित दिन, ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. साहित्य तयार मिळते, पालक कार्यक्रमाला येतात, फोटो चांगले निघतात.

अडचण अशी की दिवस एका दिवसात संपतो. भाषण, चार्ट, रांगोळी झाली की उरलेले तीन आठवडे काय, याचे उत्तर टाचणात (शिक्षकाच्या पाठनियोजनाच्या वहीत) नसते. शिवाय तिथीचे सण तारखेला बांधता येत नाहीत. नागपूरच्या मुलांना सर्वांत जवळचा विषय म्हणजे पोळा आणि तान्हा पोळा: लाकडी बैल, त्याची चाके, दारोदार मिळालेला बोजारा (खाऊ-पैसे), पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. पण २०२४ मध्ये पोळा २ सप्टेंबरला आला, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये अधिक मासामुळे तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. गेल्या वर्षीचा तक्ता नुसता तारखा बदलून पुढे वापरला तर बैल सजवायचा आठवडा सण होऊन गेल्यावर उगवतो. धम्मचक्र प्रवर्तनाचेही तसेच. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख पाठ्यपुस्तकात आहे, पण दीक्षाभूमीवर गर्दी लोटते ती विजयादशमीला, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. विषय घ्यायचा तर त्याच्या आधीच्या आठवड्यात घ्या, म्हणजे सुट्टीत मूल तिथे गेले तर बघण्यासारखे काही डोक्यात घेऊन जाईल.

ही पद्धत नवीन शिक्षकांच्या किंवा एकशिक्षकी शाळेला चालते. तयारीला आठवड्याला तासभरही लागत नाही. मात्र आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी करायला बसलात की हातात सहभाग घेतला, भाषण केले याच्या पलीकडे काही येत नाही.

पाठ्यपुस्तकावर बांधलेले वर्ष

इथे उलट चालायचे. मोठ्या कार्डशीटवर आडवे महिने, उभे शाळेचे विषय. प्रत्येक चौकटीत घटक नियोजनातले पाठ पेन्सिलने लिहायचे (पेनने नको, किमान चारदा खोडावे लागते). मग एकाच महिन्यात जवळ आलेले पाठ शोधायचे: भाषेत पाण्यावरची कविता, भूगोलात नद्या, गणितात धारकता. तिन्ही जुळले की महिन्याचा विषय सापडला. हे काम सहा शिक्षकांनी एकत्र बसून केले तर दोन दुपारी जातात. एकट्याने केले तर ते होत नाही, कारण दुसऱ्याच्या विषयातला कोणता पाठ हलतो आणि कोणता नाही, हे त्यालाच माहीत असते.

भाषेचे पाठ मागेपुढे होतात. गणिताचे होत नाहीत; अपूर्णांक झाल्याशिवाय दशांश घेता येत नाहीत, मग महिन्याचा विषय काहीही असो. पहिल्या सत्राचा पाठ विषयासाठी जानेवारीत ढकलला आणि सत्राअखेरच्या संकलित चाचणीत त्यावर प्रश्न आला तर सगळे नियोजन बदनाम होते. हलवायचे ते सत्राच्या आतच.

या पद्धतीचा खरा रोग म्हणजे ओढूनताणून जोडणे. विषय संत्रा ठरला की मराठीत संत्र्याचे आत्मवृत्त, इंग्रजीत संत्र्यावर दहा वाक्ये, गणितात संत्र्यांची शाब्दिक उदाहरणे, चित्रकलेत संत्रा. दुसऱ्या आठवड्यात मुलांना संत्र्याचा वीट येतो. महिन्याच्या विषयाला शाळेचे तीनपेक्षा जास्त विषय जोडू नका, बाकीचे आपापल्या वाटेने जाऊ द्या.

सहावी ते आठवीला, जिथे तासिकेगणिक शिक्षक बदलतो आणि अभ्यासक्रम संपवण्याचा धाक असतो, तिथे ही पद्धत सर्वांत टिकाऊ ठरते. अधिवेशनाचा महिना याचे चांगले उदाहरण. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे घ्यायचे ठरले आणि हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात नागपुरात भरते. नागरिकशास्त्रातला विधिमंडळाचा पाठ त्या आठवड्यात घेतला तर रोजचे वर्तमानपत्र हेच साहित्य होते: तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना, मोर्चे. विधानभवन बघायचे असेल तर मात्र अधिवेशनाचे दिवस टाळा. बंदोबस्तात बस सिव्हिल लाइन्सला पोहोचेपर्यंत निम्मी सकाळ जाते.

ऋतू आणि परिसरावर बांधलेले वर्ष

हिची तयारी सर्वांत जास्त आणि पाठबळ सर्वांत कमी. तरीही पहिली ते पाचवीसाठी कल हिच्याकडेच द्यावा असे वाटते. कारण एकच: प्रयोग ऋतूवर चालतो. दुसऱ्या गावासाठी, कधी दुसऱ्या देशासाठी, केलेला तयार तक्ता उतरवला की तो इथल्या हवेत फसतो.

जुलैचा पाऊस घ्या. दोन लिटरची शीतपेयाची बाटली, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवलेला, बाहेरून चिकटवलेली मिलिमीटरची पट्टी: झाले पर्जन्यमापक. पण बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, त्यामुळे पहिल्या दिवशीचे आकडे खोटे येतात. तळाशी गोटे टाका, भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा आणि शून्याची खूण तिथे करा. रोज मोजून झाल्यावर पाणी त्या खुणेपर्यंतच ओता, बाटली पूर्ण रिकामी करू नका. झाडाखाली किंवा छपराच्या कडेला ठेवायची नाही, आणि जमिनीपासून फूटभर तरी उंच, नाहीतर उडालेले शिंतोडे आत जातात. हवामान खाते सकाळी ८.३० ला मोजते. सकाळच्या शाळेला ती वेळ जमते, दुपारच्या शाळेने स्वतःची एक वेळ धरून ती सोडू नये. सोमवारी बाटलीत दोन दिवसांचा पाऊस असतो. तो निम्मा निम्मा वाटून लिहायचा मोह मुलांना होतोच. वहीत ‘रवि + सोम’ असेच लिहायला लावा. सोनेगावच्या वेधशाळेचा आकडा आणि कामठीच्या शाळेचा आकडा जुळला नाही तर बाटलीच चुकली असे समजू नये. सर वस्तीगणिक वेगळी पडते, आणि हाच त्या महिन्यातला सर्वांत मोलाचा धडा.

याच जुलैच्या मध्याला सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावरून जातो आणि दुपारी सावली नाहीशी होते. नियोजनात त्यावर भरवसा ठेवू नका, ढग बहुतेकदा घात करतात.

डिसेंबरात आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याचा, संत्रा बाजारात असतो. तीस मुलांच्या वर्गात पाच-पाचांचे सहा गट, गटाला दोन फळे, म्हणजे एक डझन. आधी अख्खे फळ वजन करायचे, मग साल, मग फोडी, शेवटी बिया. क्रम फळ्यावर लिहून ठेवा. वजनाआधीच फोडी पोटात गेल्या की तक्ता अपुरा राहतो, आणि तसे एका तरी गटात होतेच. हातगाडीवर त्याच दिवसांत किन्नू हे संत्र्यासारखे फळही मिळते. मुद्दाम दोन आणा. नागपुरी संत्र्याची साल सैल सुटते, किन्नूची चिकटून असते आणि बिया बऱ्याच जास्त. फरक मुलांनाच सापडू द्यावा. डिसेंबर हुकला तर मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणजे विषय वाया जात नाही.

मार्चमध्ये माठ. सारखेच पाणी एक माठात, एक स्टीलच्या भांड्यात, दोन्ही सावलीत, वारा लागेल असे. सकाळी आठ आणि अकराला तापमापक. कोरड्या हवेत माठातले पाणी ठळकपणे थंड लागते. हाच प्रयोग जुलैत केला तर दोन्हीत जेमतेम फरक, कारण हवाच ओलसर, बाष्पीभवन होणार कसे? नवा माठ आदल्या दिवसापासून भिजवून ठेवा. जुना असेल तर छिद्रांत क्षार बसलेले असतात, तो कमी गार करतो. घरच्या कूलरला ताट्या का लावतात हे मग मुले आपणहून सांगतात.

या पद्धतीत उपक्रम, प्रकल्प आणि प्रात्यक्षिक या तीन साधनांच्या नोंदी आपोआप तयार होतात. खर्च किरकोळ: बाटल्या, डझनभर संत्री, दोन तापमापक. वेळ मात्र जातो. आठवड्याला तीन तासिका धरल्या तर महिन्याला दहा-बारा. ‘आनंददायी शनिवार’ या शासकीय उपक्रमाचे तास त्यात वळवता येतात, पण निव्वळ शनिवारवर विसंबू नका. पाऊस रोज मोजावा लागतो.

कोणी काय घ्यावे

दोन-तीन शिक्षकांची प्राथमिक शाळा असेल तर जुलै, डिसेंबर, मार्च हे तीन महिने ऋतूचे आणि उरलेले दिनविशेषाचे, असे मिश्रण पहिल्या वर्षी पुरे. मोठ्या शाळेत पाचवीपर्यंत ऋतू, सहावीपासून पाठ्यपुस्तक. दहावीला यातले काहीच लावू नका. आणि शाळा महानगरपालिकेची असो की खासगी, तक्ता करणाऱ्या बाई किंवा सरांची वर्षाच्या मध्यात बदली होऊ शकते, तेव्हा प्रत्येक महिन्यामागे एक पान लिहून ठेवा: साहित्य किती, कुठे ठेवले, काय बिघडले. पर्जन्यमापकाच्या पानावर बाटलीची शून्याची खूण तळापासून किती सेंटिमीटरवर आहे हेही लिहा, कारण पट्टी पावसात निघून जातेच.