ढोबळी मिरचीच्या व्हायरसवर औषध म्हणून मी जे विकत घेतलं

औषधाची बाटली विकणारा तो माणूस माझ्या हरितगृहात आला त्या दिवशी तिसऱ्या बेडवर अकरा झाडं फिकट पडली होती. पानांवर गडद-फिकट हिरव्याचे पुसट ठिपके, शेंडा थोडा आखूड. फळं अजून लिंबाएवढीच होती. मी ती अकरा झाडं दोरीला लाल चिंधी बांधून ठेवली होती. सात आठवड्यांनंतर चिंध्या बांधायला अर्थ उरला नव्हता, कारण सहा बेड तसेच दिसत होते.

हे सगळं लिहितोय त्याचं कारण एकच. माझ्या ओळखीतल्या आणखी दोघांना तीच बाटली, तेच बोलणं आणि तोच ‘डेमो’ दाखवला गेला आहे. त्यांतल्या एकाने घेतलीसुद्धा.

तो स्वतःला पीक सल्लागार म्हणायचा. बोलणं नम्र, कपडे साधे, आणि पिकाची माहिती खरोखर होती. म्हणूनच विश्वास बसला. त्याने पान हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, ‘‘दादा, हा व्हायरसच. पण घाबरू नका, यावर आता औषध आलंय. वनस्पतीजन्य आहे, तोडणीलाही थांबायला नको.’’ मी विचारलं, व्हायरसवर औषध नसतं असं ऐकलंय. त्यावर तो म्हणाला, ‘‘जुनी गोष्ट झाली ती.’’

ती जुनी गोष्ट नव्हती, आजही तसंच आहे. उभ्या पिकातल्या झाडाच्या पेशीत शिरलेला विषाणू मारून झाड बरं करणारी कुठलीही फवारणी नाही. बुरशीला बुरशीनाशक असतं, किडीला कीटकनाशक असतं, विषाणूला तसं काही नाही. विषाणू झाडाच्याच पेशीची यंत्रणा वापरून वाढतो, त्यामुळे झाडाला धक्का न लावता त्यालाच तेवढं मारणं फवाऱ्याच्या आवाक्यातलं नाही. उष्णता देऊन किंवा शेंड्याच्या ऊतीपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवून लागवडीचं साहित्य विषाणूमुक्त करता येतं, पण ते बेण्याचं काम आहे, फळं लागलेल्या पिकाचं नाही. हे मला तेव्हा अर्धवट माहीत होतं. पण अर्धवट माहिती असलेल्या माणसाला ‘नवीन संशोधन’ म्हटलं की तो गप्प बसतो, आणि मी बसलो.

मग त्याने मला दुसऱ्या एका हरितगृहात नेलं. तिथलं दृश्य खरंच बोलकं होतं. एका ओळीत खालची पानं अरुंद, कडक, कडा खालच्या बाजूला वळलेल्या, उलट्या होडीसारखी. त्याच झाडांचे वरचे नवे शेंडे मात्र सरळ, रुंद, तजेलदार. ‘‘दोन फवारण्या,’’ तो म्हणाला. मालकानेही मान डोलावली, आणि तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याची झाडं खरोखर सुधारली होती.

फक्त त्याच्या झाडांना व्हायरस नव्हताच.

हे मला फार उशिरा कळलं, म्हणून इथे सविस्तर सांगतो. मिरचीची पानं आकसली की आपण सरसकट चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो आणि त्या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी दडतात. पानांच्या कडा वर वळल्या, पान वाटीसारखं झालं, तर बहुतेक वेळा फुलकिडे असतात. कडा खाली वळल्या, पान लांबट आणि खालून तपकिरी-चकचकीत झालं, तर पिवळा कोळी. तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही, भिंग लागतं. आणि तिसरा खरा पर्णगुच्छ विषाणू, जो पांढरी माशी आणते. पहिल्या दोन प्रकारांत कीड मेली की नवा शेंडा सरळ येतो. तिसऱ्यात येत नाही. त्या ‘डेमो’च्या ओळीत कोळी होता. बाटलीने कोळी मारला आणि शेंडे सुधारले. मला दाखवलं गेलं की व्हायरस बरा झाला.

माझ्या पिकात होता तो वेगळाच विषाणू होता, मिरचीचा सौम्य ठिपक्यांचा विषाणू, ज्याला पेपर माइल्ड मॉटल म्हणतात. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा भाऊबंद. हा कुठल्या माशीने, माव्याने किंवा फुलकिड्याने येत नाही. बियाण्याच्या सालीवर बसून येतो आणि मग हात, कात्री, कपडे, दोऱ्या यांवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. नावात ‘सौम्य’ आहे ते पानापुरतं. पानावर इतकं पुसट दिसतं की पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. खरा तडाखा फळाला बसतो: लहान, खडबडीत, वेडंवाकडं, रंग चट्ट्याचट्ट्यांनी येणारं फळ.

आता ऐका त्याने काय करायला लावलं. ‘‘औषध आत शिरायला पाहिजे, म्हणून फवारणीच्या आदल्या दिवशी सगळ्या झाडांची खालची पानं काढा आणि खराब शेंडे खुडून घ्या.’’ दोन मजूर, एकच कात्री हातात, तिसऱ्या बेडपासून सुरुवात. आजारी झाडावरून निरोगी झाडावर, ओळीने. हात धुवायचं कुणी सांगितलं नाही. मला सुचायला हवं होतं, सुचलं नाही. या गटातल्या विषाणूसाठी याहून सोयीची गाडी नाही. कात्रीच्या पात्याला लागलेला थेंबभर रस पुरतो.

तीन आठवड्यांनी लक्षणं दिसली ती अगदी कामाच्या क्रमाने, बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माशीने किंवा फुलकिड्याने आलेला रोग सहसा दाराजवळून, कडेने किंवा विखुरलेला सुरू होतो. हाताने पसरलेला रोग मजूर चालले तसा रांगेत चालतो. तेवढा नकाशा कागदावर काढला असता तरी मला उलगडलं असतं.

मधल्या काळात मी खूश होतो, हेही सांगायला हवं. पहिल्या फवारणीनंतर चार-पाच दिवसांत पानं गडद झाली. त्याने फोटो मागवले, फक्त शेंड्याचे, वरून काढलेले. मी पाठवले. ते फोटो पुढे आणखी कुणाला दाखवले गेले असणार, याचा मला आजही त्रास होतो. पानं गडद झाली ती बाटलीतल्या लोह-मॅग्नेशियमसारख्या अन्नद्रव्यांमुळे. उपाशी माणसाला जेवण दिलं की चेहरा खुलतो, म्हणून त्याचा आजार गेला असं होत नाही. शिवाय हवामान बदललं की विषाणूची लक्षणं काही दिवस झाकलीही जातात. पण तोडणीला आलेली फळं झाकता येत नाहीत. दुसऱ्या तोड्यात निम्मी फळं बाजूला काढावी लागली.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. पानांचा नमुना तपासणीला दिला. या गटातल्या विषाणूंसाठी पट्टीची चाचणी मिळते. पान चुरडून द्रावणात घालायचं, पट्टी बुडवायची आणि काही मिनिटांत रेघ उमटते. माझ्या नमुन्यावर उमटली. नेमका कोणता विषाणू ते नंतर प्रयोगशाळेच्या पीसीआर चाचणीत कळलं. संपूर्ण फसवणूक त्या एका रेघेने थांबली असती.

मी त्याला फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं: ‘‘तुमचं वाण तर व्हायरसला प्रतिकारक आहे, पाकिटावर लिहिलंय. म्हणजे हा व्हायरस नाही, तुमचं खत व्यवस्थापन चुकलं.’’ ज्याने पहिल्या दिवशी ‘हा व्हायरसच’ म्हटलं होतं, तोच हे बोलत होता. पाकीट मी शोधून काढलं. त्यावर टीएम (तंबाखू मोझॅकच्या या गटाची खूण) असं लिहून पुढे फक्त ० हा आकडा होता. मिरचीत या गटाच्या विषाणूंविरुद्ध एल नावाच्या जनुकाचे १ ते ४ असे प्रकार वापरतात, आणि चढत्या क्रमाने त्यांचं संरक्षण वाढत जातं. पाकिटावरचा आकडा मात्र जनुकाचा नसतो, ते वाण विषाणूच्या कोणत्या प्रकारांपर्यंत रोखतं त्याचा असतो. नुसता ० असेल तर ते वाण या गटातल्या सर्वांत कमी ताकदीच्या प्रकारालाच रोखतं. ०-२, ०-३ असे आकडे असतील तर संरक्षण जास्त. माझ्या पिकातला विषाणू त्या ० च्या पलीकडचा होता. बियाणं विकणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं, मला वाचता आलं नव्हतं. आणि सल्लागाराला ते वाचता येत होतं याची मला खात्री आहे.

पण सगळ्यांत जास्त राग मला पिकाच्या नुकसानीचा नाही.

अर्धी बाटली उरली होती. ती मी रासायनिक तपासणीला दिली. अहवालात अन्नद्रव्यं होती आणि अबामेक्टिन होतं. अबामेक्टिन हे कोळीनाशक, चांगलं प्रभावी, आणि विषारी. लेबलवर त्याचं नाव नाही. लेबलवर ‘व्हायरस’ हा शब्दसुद्धा कुठे नाही, फक्त ‘वनस्पतीजन्य अर्क, पिकाच्या जोमदार वाढीसाठी’. व्हायरसचा सगळा दावा तोंडी. म्हणजे उद्या कुणी जाब विचारला तर लिखित काहीच नाही.

त्याच्या ‘वनस्पतीजन्य आहे’ या शब्दावर माझ्या दोन मजुरांनी मास्क आणि हातमोजे न घालता बंद हरितगृहात चार वेळा ते फवारलं. एकाला त्या दिवशी मळमळ आणि चक्कर आली होती, आम्ही उन्हावर ढकललं. त्याची माफी मी मागितली आहे. आणि ‘तोडणीला थांबायला नको’ या शब्दावर मी दुसऱ्या दिवशी फळं तोडून पाठवली. कुणाच्या तरी घरी ती खाल्ली गेली. फुलकिडे आणि पांढरी माशी खाणारा मित्रकोळी मी पिकात सोडला होता, तोही त्याच फवारणीत संपला. तो का दिसेनासा झाला हे मला आठवडाभर कोडं होतं. त्यानंतर फुलकिडे वाढले, आणि फुलकिडे वाढले की टोमॅटोच्या ठिपकेदार मर रोगाचं दार उघडतं, जो मिरचीवरही तितकाच वाईट असतो. तो आला नाही, एवढं नशीब.

पीक मी काढलं. झाडं मुळांसकट उपटून पिशव्यांत भरून बाहेर नेली, कारण हा विषाणू वाळलेल्या मुळा-पानांत महिनोन्महिने टिकतो. दोऱ्या जाळल्या. ठिबकच्या नळ्या, कात्र्या, क्रेट, सगळं घासून धुतलं. स्पिरिटने पुसून भागत नाही, हा गट त्याला फारसा दाद देत नाही. काम करताना मजूर आता स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या दाट द्रावणात हात आणि कात्री बुडवतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण दुधातली प्रथिनं या विषाणूचा प्रसार रोखतात हे जुनं आणि तपासलेलं ज्ञान आहे. बियाणं घेताना ट्रायसोडियम फॉस्फेटची किंवा कोरड्या उष्णतेची प्रक्रिया झाली आहे का, ते विचारतो. तंबाखू खाणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही.

तो माणूस अजून फिरतो. बाटलीचं नाव बदललंय, असं ओळखीच्या दुसऱ्याने सांगितलं, रंग आणि वास तोच. त्याची पद्धत मात्र बदललेली नाही: तपासणीचा विषय काढला की ‘त्यात वेळ जातो, तोवर पीक हातचं जाईल’ म्हणतो, लेबल वाचायला लागलात की बोलण्यात गुंतवतो, आणि फोटो मागतो ते फक्त शेंड्याचे. त्याच्याकडे व्हायरसचा दावा कागदावर लिहून मागा, सही-शिक्क्याच्या बिलासकट. माझ्या ओळखीतल्या ज्याने बाटली घेतली नाही, त्याने एवढंच मागितलं होतं. तो माणूस ‘गाडीतून घेऊन येतो’ म्हणून गेला आणि परत आला नाही.