चौकात सिग्नल हवा की सर्कल?

लहान गावातल्या चौकात लागोपाठ दोन अपघात झाले की पहिली मागणी सिग्नलची होते. पण सिग्नलने धडका थांबत नाहीत, बऱ्याचदा त्यांचा प्रकार तेवढा बदलतो. पिवळा दिसताच पुढचा ब्रेक दाबतो, मागचा गाडी दामटतो. रात्री कुणी लाल तोडून सुसाट आला, तर तो थेट दुसऱ्याच्या दारावर आदळतो. ही काटकोनातली धडक फार वाईट. तिथे वाचवायला पुढच्यासारखं बॉनेट नसतं.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना भिडतात, एकपदरी सर्कलमध्ये फक्त ८. वळणामुळे वेग उतरतो, धडक तिरकी बसते, पत्रा चेपतो आणि माणूस बहुधा वाचतो. वीज गेली तरी सर्कल चालूच! अट एकच: आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ब्रिटनने हा नियम १९६६ मध्ये लागू केला, तेव्हा कुठे तिथली सर्कलं सुरळीत चालू लागली.

माझं मत सर्कललाच. मात्र चौकाला लागून शाळा असेल किंवा दृष्टिहीनांची ये-जा असेल, तर पादचाऱ्यांसाठी बटणाचा सिग्नल वेगळा हवाच.