तांबडा समुद्र की केप? कोकणातून शिडाच्या बोटीने निघणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य बोट लागली. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. रायगडभर नाकाबंदी झाली. मग उलगडा झाला तो असा: बोट मस्कतहून युरोपला निघाली होती, २६ जूनला इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवलं. खवळलेल्या समुद्रात बोट ओढून नेता आली नाही आणि ती वाहत आमच्याकडे आली. बंदुका जवळ होत्या, घात इंजिनाने केला. युरोपचा बेत आखणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच हकीकत सांगतो.

वाटा दोन. एडनचं आखात, तांबडा समुद्र आणि सुएझ, नाहीतर मालदीव, मॉरिशस, डर्बन आणि केप टाऊन असा आफ्रिकेला खालून वळसा. मुंबईहून एडन जेमतेम १,६५० सागरी मैल, केप टाऊन ४,६०० च्या घरात. पहिली वाट जवळची म्हणून मोह होतोच. तरी माझं मत स्पष्ट आहे: दोघातिघांच्या बोटीने सध्या तिकडे जाऊ नये.

कारण साधं आहे: सोमाली चाचे. मोठं जहाज १८ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर पळू शकतं, त्याची कड उंच असते, कठड्याला काटेरी तार लावता येते. आपली बोट पाच-सहा नॉटने चालते आणि कड पाण्यापासून हातभर. चाच्यांची होडी २५ नॉटने येते. शिवाय त्यांचा आणि आपला मोसम एकच. नैऋत्य मान्सूनच्या लाटांत त्यांच्या होड्या टिकत नाहीत, म्हणून ते समुद्र शांत होण्याची वाट पाहतात. आपणही तेच करतो.

‘लहान बोटीच्या वाटेला कोण जातंय’ हा समज तर काढूनच टाका. ऑक्टोबर २००९ मध्ये एका ब्रिटिश जोडप्याला त्यांच्या शिडाच्या बोटीवरून पळवलं आणि ३८८ दिवस ओलीस ठेवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘क्वेस्ट’ या शिडाच्या बोटीवरचे चारही अमेरिकन मारले गेले. पुढे हल्ले ओसरले, इतके की जहाज कंपन्यांच्या संघटनांनी १ जानेवारी २०२३ पासून हिंदी महासागरावरची ‘अतिजोखमीचं क्षेत्र’ ही खूणच काढून टाकली. त्याच वर्षी डिसेंबरात ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ३५ चाचे पकडले आणि १७ खलाशी सुखरूप सोडवले. आपल्या नौदलाचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या खलाशांचे मधले तीन महिने कसे गेले असतील, तेही डोळ्यांसमोर आणा. त्यात नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांची क्षेपणास्त्रं आणि ड्रोन यांची भर पडली. साध्या विमा पॉलिसीत युद्धजोखीम सहसा धरलेली नसते, तेव्हा विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

केपच्या वाटेवर भीती माणसापेक्षा पाण्याची. दक्षिण हिंदी महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. डर्बनच्या पुढे अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे धावतो आणि समोरून नैऋत्येचा वारा आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. तिथे हवामानाची वाट पाहत बंदरात आठ-आठ दिवस बसावं लागतं. पण गोव्यात बांधलेली नौदलाची शिडाची बोट ‘म्हादेई’ दक्षिणेच्याच वाटेने पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. २०१२-१३ मध्ये नौदलाचे अभिलाष टॉमी एकटेच तीच घेऊन मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता पाच महिन्यांत परतले. एक मात्र करा, सेशेल्स पूर्वेकडून लांब टाळा. ते ब्रिटिश जोडपं तिथूनच निघालं होतं.

या वाटेवर खरा उपद्रव चोरीचा, तोही नांगरावर असताना. एका परक्या बंदरात सकाळी उठलो, तर बोटीमागे बांधलेल्या छोट्या होडीच्या दोरीचं टोक पाण्यात लोंबत होतं. इतकं सफाईने कापलेलं की एक धागा विस्कटलेला नव्हता. होडी गेली, तिच्यावरचं मशिनही गेलं. तेव्हापासून रोज रात्री मशिन काढून कठड्याला कुलूप घालतो, होडी वर ओढून घेतो. कंटाळा येतो, तरी करतो.

पूर्वेकडे मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीतल्या घटनांचे आकडे पाहून घाबरू नका. तिथे बहुतेक रात्रीच्या भुरट्या चोऱ्या, त्याही सावकाश चालणाऱ्या मोठ्या जहाजांवर. फिलिपिन्सजवळचा सुलू समुद्र मात्र टाळाच.

राहिला हत्याराचा प्रश्न. माझ्या मते नको. प्रत्येक बंदरात ते जाहीर करा, जमा करा, परत घ्या, आणि समोरच्याकडे चार रायफली असतील तर तुमच्या एकीने जीवच जाईल. शिवाय चूक दुसऱ्याच्याही जिवावर बेतते. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्यापुढे एका तेलवाहू जहाजावरच्या इटालियन सैनिकांनी चाचे समजून दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या. आपल्या किनाऱ्यावर तर हे नेहमीचंच आहे. देवगडच्या बाहेर एखादी होडी सुसाट अंगावर येते, पुढे उभा असलेला माणूस शर्ट काढून फिरवतो. तो तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचा कप्तान असतो. ओरडून सांगत असतो, “फुडे जाळां आसा!” हात वर करा, आणि तो दाखवेल तिकडे बोट वळवा.