जखमी पिल्लासाठी घेतलेली ब्रूडर पेटी: तीन आठवड्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये आमच्या खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीने नऊ पिल्ले काढली. त्यांपैकी एक पिल्लू चार दिवसांचे असताना डालग्याबाहेर निसटले आणि दुसऱ्या कोंबडीने टोचून त्याच्या मानेमागची कातडी सोलून काढली. त्याच झटापटीत त्याचा डावा पाय बाहेरच्या बाजूला फाकला. आईजवळ परत ठेवले, तर रक्त पाहून सख्खी भावंडेच त्या जागी चोची मारू लागली. तालुक्याच्या दवाखान्यातील पशुवैद्यकांनी जखम धुतली, हाड मोडलेले नसल्याची खात्री केली आणि औषधापेक्षा उबेची काळजी घ्या, असे बजावून सांगितले. त्या उबेसाठी कोंबडीपालनाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून मी २,१५० रुपयांना ही छोटी ब्रूडर पेटी आणली.

पेटी जाड प्लास्टिकची, सुमारे दोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद आहे. झाकणाला मजबूत जाळी असून एका टोकाला १०० वॅटचा सिरॅमिक हीटर बसवलेला आहे. हा हीटर उजेड देत नाही, ही मला या पेटीची सर्वांत चांगली गोष्ट वाटली, कारण साध्या बल्बखाली पिल्लाला रात्र अशी मिळतच नाही. मांजराने झाकणावर दोनदा मुक्काम केला, तरी जाळी हलली नाही.

खरा दोष तापमान राखण्याच्या व्यवस्थेत आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करत न्यायची असते. पेटीवरचा आकडा ३५ दाखवत असतानाही पिल्लू एकसारखे कर्कश ओरडत होते, म्हणून मी घरातला साधा तापमापक त्याच्या पाठीच्या उंचीवर धरला, तेव्हा तेथे जेमतेम ३१ अंश भरले. सेन्सर झाकणालगत चिकटवलेला असल्यामुळे तो वर साचलेली गरम हवा मोजतो, जमिनीलगतची नव्हे. धडधाकट पिल्ले थंडी वाजली की हीटरखाली गोळा होतात आणि उकडले की दूर पांगतात, त्यामुळे ही चूक त्यांच्या बाबतीत झाकली जाते. पण ज्याला पाऊल उचलता येत नाही, ते पिल्लू जिथे ठेवले तिथेच गारठते किंवा चोच उघडी टाकून धापा टाकत राहते. दुकानदारांना फोन केला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की सेन्सरची तार लांब आहे, चिकटपट्टी सोडवून तो खाली घ्या. उपाय अचूक निघाला. मात्र तो माहितीपत्रकात छापायला हवा होता.

दुसरी तक्रार तळाविषयी आहे. धुवायला सोपा म्हणून तळ गुळगुळीत ठेवलेला आहे, पण निसरड्या पृष्ठभागावर पिल्लांचे पाय फाकतात, आणि आमच्या पिल्लाचा तर आधीच फाकलेला होता. मी तळावर रबरी जाळीदार चटई अंथरली. पशुवैद्यकांनी दाखवल्याप्रमाणे दोन्ही पायांना मऊ चिकटपट्टीची सैल बेडी घातली आणि पायांत नेहमी उभे राहताना असते तेवढेच, म्हणजे सुमारे अडीच सेंटीमीटर, अंतर ठेवले. पहिल्या दिवशी ते सारखे तोंडावर आपटत होते, दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून उभे राहिले आणि चौथ्या दिवशी बेडी काढली तेव्हा लंगडत का होईना, चाऱ्यापर्यंत गेले. इतक्या कोवळ्या वयात हाडे आणि सांधे लवचीक असतात म्हणूनच हे साधते. उशीर झाला असता तर पाय तसाच राहिला असता.

सोबतचे पाण्याचे भांडे अशक्त पिल्लासाठी खोल आहे. त्यात बुडण्याची भीती असल्याने मी तळाशी खडे भरले. हळद-तेल लावण्याचा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह मी मोडला, कारण तेलाने लव चिकटली की अंगातली ऊब टिकत नाही. त्याऐवजी कोमट मिठाच्या पाण्याने जखम पुसत राहिलो आणि पावसाळी माश्या बसू नयेत म्हणून जाळीवर पातळ मलमलीचे कापड टाकले. वीज गेल्यावर पेटी निरुपयोगी ठरते, तिला बॅटरीची जोड नाही. आमच्याकडे जूनमध्ये वीज जाणे नित्याचेच, त्यामुळे गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवावी लागली. एकटे पिल्लू खात नाही, हे लक्षात आल्यावर एक शांत भावंड तारेच्या पडद्यापलीकडे ठेवले आणि त्याच संध्याकाळी जखमी पिल्लाने भिजवलेले चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे खाद्य, टिपायला सुरुवात केली.

एका वेळी दहा-बारा धडधाकट पिल्ले वाढवणाऱ्याने ही पेटी जरूर घ्यावी. जखमी पिल्लासाठी घेणाऱ्याने दुकानातच सेन्सर खाली उतरवून घ्यावा आणि चटई व तापमापक यांचा खर्च किमतीत धरावा. जखम भरल्यावर मी पिल्लाला आईकडे सोडले, पण दोन आठवड्यांच्या दुराव्यानंतर तिने ते ओळखले नाही आणि चोच मारून हाकलले. त्यामुळे पेटी अजून ओसरीवरच आहे, आकडा २९ वर आणला आहे आणि आत आता पडदा काढून दोघे एकत्र झोपतात.