स्वतः देखभाल करणाऱ्यासाठी जिप्सी किंग: साडेचार वर्षांनंतरचे परीक्षण

साडेचार वर्षांपूर्वी मी कोकणातील एका गृहस्थांकडून २००४ सालची मारुती जिप्सी किंग विकत घेतली. तिची जवळजवळ सगळी देखभाल मी भोरजवळच्या आमच्या शेतघराच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच करत आलो आहे. त्यामुळे ही गाडी चालवायला कशी आहे, यापेक्षा ती स्वतःच्या हाताने सांभाळायला आणि सुधारायला कशी आहे, एवढेच या लेखात पाहायचे आहे. जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली, १९९६ मध्ये १२९८ सीसी इंजिनाची ‘किंग’ आली आणि २००० च्या सुमारास तिला सोळा व्हॉल्व्हचे, ८० अश्वशक्तीचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळे पेट्रोल फवारणारे) इंजिन मिळाले. २०१९ च्या आसपास तिची सर्वसाधारण विक्री थांबली असल्याने आता ती घ्यायची म्हणजे जुनीच घ्यावी लागते, आणि म्हणूनच तिच्या देखभालीचा प्रश्न आधी येतो.

या गाडीचा सर्वात मोठा गुण तिच्याखाली आडवे झाल्यावर कळतो. जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर असल्याने ग्रीसिंगसारखी बरीच कामे जॅक न लावताही करता येतात, आणि वर पाहिले की प्रत्येक भाग वेगळा, उघडा आणि हाताच्या अंतरावर दिसतो. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या दोन स्वतंत्र पेट्या आहेत. त्यांच्यामध्ये एक आखूड शाफ्ट आहे आणि ट्रान्सफर केसपासून पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलकडे एकेक शाफ्ट जातो. या तिन्ही शाफ्टच्या क्रॉसना, म्हणजे शाफ्टला कोनातही फिरू देणाऱ्या चार टोकांच्या सांध्यांना, ग्रीस भरणे हे नवशिक्याने सर्वात आधी शिकावे असे काम आहे. निप्पल कापडाने पुसून ग्रीस गन लावली आणि दाब देत गेलो की क्रॉसच्या चारही टोप्यांच्या कडेने आधी पाणी मिसळलेले तपकिरी, पातळ ग्रीस बाहेर येते आणि मग हळूहळू स्वच्छ ग्रीसची बारीक वळी दिसू लागते. चारांपैकी एखाद्या टोपीतून काहीच बाहेर आले नाही, तर त्या बाजूच्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आहेत आणि तो क्रॉस फार दिवस टिकणार नाही, असे समजावे. मी हे काम दर पाच हजार किलोमीटरला आणि पाण्यातून गाडी काढल्यावर प्रत्येक वेळी करतो. त्याला अर्धा तास पुरतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण माझे सर्वात महागडे शिक्षण तिथेच झाले. पहिल्याच पावसाळ्यात वेल्ह्याकडून केळदच्या दिशेने जाताना एका ओढ्यात गाडी काही मिनिटे उभी राहिली. पुढच्या आठवड्यात मागच्या डिफरन्शियलचे (दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीचे) तेल काढले, तेव्हा ट्रेमध्ये दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा दाट द्रव पडला. तासभर चालून तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडते तेव्हा आतली हवा आकसते. ती भरून काढण्यासाठी ब्रीदरमधून, म्हणजे पेटीच्या हवेच्या छिद्रातून, हवा आत यायला हवी, पण ब्रीदरच पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजलेला असेल, तर पाणी ऑइल सीलच्या कडेने किंवा ब्रीदरमधूनच आत ओढले जाते. यावरचा उपाय अत्यंत साधा आहे. दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरना तेलात टिकणारी रबरी नळी जोडून पुढची नळी इंजिनाच्या कप्प्यात फायरवॉलपर्यंत आणि मागची पेट्रोल भरण्याच्या तोंडाच्या उंचीपर्यंत वर नेली, शेवटी लहान फिल्टर बसवला आणि वाटेत कुठे नळी दुमडत नाही ना, हे पाहिले. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत आला. त्यानंतर तीन पावसाळे झाले, तेल दर वेळी स्वच्छ निघते. माझ्या मते या गाडीवर करता येणाऱ्या सर्व सुधारणांमध्ये हिचा क्रमांक पहिला आहे, जरी ती बाहेरून कोणाच्याही नजरेस पडत नसली तरी.

तेल बदलताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. आधी भरण्याचा बोल्ट सैल करून पाहावा आणि मगच खालचा उघडावा, कारण वरचा बोल्ट गंजून अडकलेला असेल आणि खालून तेल वाहून गेले असेल, तर गाडी जागेवरून हलवताही येत नाही. दुसरे असे की डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचे तेल जाते, तर गिअरबॉक्समध्ये जीएल-४. दोन्हीकडे एकच डबा ओतण्याचा मोह आवरावा, कारण जीएल-५ तेलातील काही मिश्रणे सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या भागाच्या) पितळी रिंगांना घातक ठरू शकतात.

पुढच्या चाकांचे नकल हा या गाडीचा सर्वात कष्टाचा भाग आहे. चाक वळवणारा हा भाग टोकाच्या स्थिर गोळ्याभोवती वर आणि खाली किंगपिनच्या (वळण्याच्या खिळ्यांच्या) बेअरिंगवर तोललेला असतो, आणि ही बेअरिंगे झिजली की साठच्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरू लागते. पुष्कळ लोक अशा वेळी स्टिअरिंग डँपर (धक्के शोषणारा दांडा) बसवून मोकळे होतात, पण त्याने थरथर फक्त दाबली जाते, झीज चालूच राहते. योग्य काम म्हणजे नकल उघडून बेअरिंगे बदलणे, शिमची (पातळ चकत्यांची) जाडी कमीजास्त करून पकड ठरवणे आणि नकल वळायला किती जोर लागतो, हे स्प्रिंगच्या तराजूने मोजून वर्कशॉप मॅन्युअलमधील आकड्याशी ताडणे. मला दोन्ही बाजूंना मिळून दोन पूर्ण दिवस लागले. त्यातही पुण्यातील एका दुकानातून ‘ओरिजिनल’ म्हणून आणलेले अ‍ॅक्सलचे आतले ऑइल सील तीन महिन्यांत गळू लागले, डिफरन्शियलचे तेल नकलच्या ग्रीसमध्ये उतरले आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळे ओघळ दिसू लागले. सगळे पुन्हा उघडावे लागले, याचा मला मनापासून त्रास झाला. तेव्हापासून सील हातात घेतले की मी त्याची ओठासारखी रबरी कड बोटाने दाबून ती मऊ आहे का आणि मागची बारीक स्प्रिंग नीट बसलेली आहे का, हे पाहतो. सुट्या भागांची एरवी चिंता नाही. सैन्याने आणि पोलिसांनी ही गाडी अनेक वर्षे वापरली आहे आणि इंजिन एस्टीमच्या इंजिनाच्या घराण्यातले आहे, त्यामुळे चौकशी केली की भाग मिळतात.

टायरबाबत मी फार विचार केला आणि जुन्या २०५/७० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ मापाचे ऑल-टेरेन टायर घेतले. व्यास सुमारे ३५ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे डिफरन्शियलखालची जागा जेमतेम १८ मिलिमीटरने वाढते. मात्र चिखलात आणि मुरमाच्या चढावर पडणारा फरक या आकड्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे, कारण खरा गुण टायरच्या नक्षीत आणि कमी हवेवर पसरणाऱ्या त्याच्या बाजूंमध्ये आहे. चिखलाच्या वाटेला लागण्यापूर्वी मी हवा १८ पीएसआयवर आणतो आणि डांबरी रस्त्यावर परतताच छोट्या कंप्रेसरने पुन्हा २६ करतो. कंप्रेसर थेट बॅटरीला जोडावा. सिगारेट लायटरच्या वायरिंगवर तो भार टाकू नये. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर साधारण पाच टक्के कमी वेग दाखवतो, म्हणजे काटा ६० वर असताना गाडी ६३ ने धावत असते, हे लक्षात ठेवावे.

हेडलाइटसाठी रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवणे हे एका दुपारचे काम आहे. मूळ वायरिंगमध्ये दोन्ही बल्बांचा मिळून दहा अँपिअरच्या आसपासचा प्रवाह जुन्या स्विचमधून जातो आणि वाटेतच व्होल्टेज घटते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते, तेव्हा बल्बच्या टोकाला मला केवळ ११.६ मिळाले; बॅटरीपासून फ्यूज आणि रिले घालून जाड वायर नेल्यावर तेच १३.४ झाले. बल्ब तेच ठेवले, तरी वरंधा घाटातील वळणावरचा कठडा आता आधीच दिसतो.

गाडी उंच करण्याचा किट मात्र मी बसवला नाही, आणि इतरांनीही घाई करू नये असे वाटते. लांब शॅकल (पाटा चासीला टांगणारा दुवा) घालून पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, उचलले की कॅस्टरचा कोन (किंगपिनचा पुढेमागे असलेला कल) बदलतो, शाफ्टचे कोन वाढतात, ब्रेकचे होज ताणले जातात आणि एका सुधारणेपायी चार दुरुस्त्या मागे लागतात. मी फक्त झिजलेले बुश बदलले, पाटे सुटे करून गंज घासला आणि यू-बोल्ट बसवल्यावर ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळले. गाडी पंधरा-वीस मिलिमीटर आपोआप वर आली. कायद्याचाही विचार हवा. बुल बारवर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे, आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलापासून दूर नेणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात.

रोज महामार्गावरून प्रवास करणाऱ्याला मी ही गाडी सुचवणार नाही. एअरबॅग आणि एबीएस नाहीत, पाट्यांवरची चाल कडक आहे आणि मला लिटरमागे दहा-अकरा किलोमीटरच मिळतात. ज्याच्याकडे सावलीची सपाट जागा, दोन मजबूत स्टँड आणि महिन्यातला एक मोकळा रविवार आहे, त्याला मात्र मी ती निःसंकोचपणे घ्यायला सांगेन. पाहायला जाताना रंग आणि टायर यांच्याकडे लक्ष न देता टॉर्च आणि लहान हातोडी घेऊन खाली जावे, मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ आणि बॉडी माउंटपाशी (जिथे बॉडी चासीवर टेकते तिथे) चासीवर हलके ठोकावे. खणखणीत आवाज आला तर पुढचे बोलणे करावे. आवाज बद्द आला किंवा गंजाचे पापुद्रे हातात पडले, तर किंमत कितीही कमी सांगितली तरी परत फिरावे, कारण या गाडीत घरी दुरुस्त करता न येणारी गोष्ट जवळजवळ तेवढीच आहे.