पारोळा रोडचं पाटी नसलेलं गॅरेज: तीन पावसाळ्यांनंतर

मी गुरांचा डॉक्टर. चोपड्यात दवाखाना आहे, पण गुरं काही दवाखान्यात येत नाहीत, मलाच जावं लागतं. सत्रासेन, उमर्टी, वैजापूर (हे आमचं सातपुड्याच्या पायथ्याचं, संभाजीनगरकडचं नव्हे) आणि तिथून पुढे पाड्यांवर. २०२२ च्या लम्पीच्या साथीत राज्यातली पहिली जनावरं आमच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातच सापडली. तेव्हा लसीचा बर्फाचा डबा मांडीवर धरून मोटारसायकलवर मागे बसून इतकं फिरलो की कमरेने हात टेकले. अडलेल्या गायीसाठी दोऱ्या, बादली, सलाईनच्या बाटल्या आणि हाताखालचा पोरगा एवढं दोन चाकांवर मावत नाही. पावसाळ्यात वाटेत नाले वाहतात ते वेगळंच. म्हणून जीप. हौस होती की गरज, यावर घरात अजून एकमत नाही.

डिसेंबरात अडावदच्या एका केळीवाल्याकडे १९९३ ची महिंद्रा एमएम ५४० मिळाली, ऐंशी हजारांत. तीन वर्षं गोठ्याच्या आडोशाला उभी होती. हीटर प्लगला नीट वेळ दिला की एकदा खोकून, अंगणभर पांढरा धूर सोडून सुरू व्हायची. हिरवा रंग ताजा होता. बाजारात शिंगं रंगवून आणलेला बैल दिसला की मी आधी त्याचे दात बघतो. इथे ती अक्कल कुठे गेली कोण जाणे.

धुळ्याचं हे गॅरेज एका ट्रकवाल्याने सुचवलं. पारोळा रोडवरून आत गल्लीत आहे. मालकाला सगळे आप्पा म्हणतात. आम्ही गाडी अमळनेरमार्गे टोचन करून नेली. आप्पांनी बॉनेट उघडलंच नाही. हातात पेचकस घेऊन ते गाडीखाली सरपटत गेले आणि वीत-वीत अंतरावर टोचत सुटले. ठक, ठक, ठक, आणि मग एकदम आवाज बंद. पेचकस मुठीपर्यंत आत.

"आठे दखा, डॉक्टर. गाडी नही शे ही. चायनी शे." अहिराणीत चायनी म्हणजे चाळणी.

मी वाकून बघितलं. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा नव्हता, रंगाचा पापुद्रा होता. मागच्या भागात तर गंजावर कुणीतरी लांबी (पुटी) भरून वर डांबर फासलेलं. आप्पांनी विचारलं, आधीच्या मालकाची केळी होती ना? होती. मग खत यातूनच नेलं असणार. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आणि आपलं नेहमीचं पोटॅश म्हणजे क्षारच, पोटॅशियम क्लोराइड. गोणी फुटते, दाणे फळीच्या फटीत आणि पत्र्याच्या घडीत जातात, पहिल्या पावसात ओले होतात आणि मग वर्षानुवर्षं लोखंड खात बसतात. त्यात गोठा शेजारी. खालून काळी माती लिंपलेली, ती एकदा ओली झाली की आतून महिनाभर वाळत नाही. हे निदान त्यांनी दहा मिनिटांत केलं आणि तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

अंदाज सांगितला तो असा: एक लाख चाळीस हजार, सहा आठवडे. प्रत्यक्षात दोन लाख पंधरा हजार आणि साडेचार महिने. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी बरंच कौतुक करणार आहे.

सगळ्यात चांगलं काम चॅसीचं, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचं. बॉडी पूर्ण उतरवली, इंजिन आणि एक्सल बाहेर काढले, आणि उघडी चॅसी अवधान एमआयडीसीत सँड ब्लास्टिंगला पाठवली. पाठवण्याआधी आप्पांनी चॅसी नंबरावर ग्रीस थापून त्यावर जाड टेपचे चार वेढे दिले. वाळूच्या माऱ्यात नंबराचे आकडे पुसट झाले तर आरटीओत गाडी कायमची अडकते. मला हे सुचलंही नसतं. बॉडीचा पत्रा मात्र ब्लास्टिंगला दिला नाही, कारण पातळ पत्रा त्या माऱ्याने ताणला जाऊन लाटा धरतो. तो तारेच्या ब्रशने हातानेच साफ केला. दोन पोरं पाच दिवस त्यावर होती आणि सगळं गॅरेज विटकरी झालं होतं.

ब्लास्टिंगनंतर चॅसीला तीन ठिकाणी भोकं आणि मागच्या आडव्या पट्टीजवळ एक तडा दिसला. आप्पांच्या भाच्याने तिथे ठिगळ लावलं ते शंकरपाळ्याच्या आकाराचं. चौकोनी का नाही, विचारलं. म्हणाला, उभी सरळ शिवण मारली की वेल्डिंगचा ताप एकाच रेषेत बसतो आणि खड्ड्यात गाडी पिळली की चॅसी नेमकी त्या रेषेवर फाटते. तिरप्या कडांवर तोच भार वाटला जातो. ऑपरेशनचा छेद कुठे आणि कोणत्या दिशेने घ्यायचा यावर आम्हाला कॉलेजात आठवडाभर शिकवलं होतं. या मुलाची शाळा नववीत सुटलेली.

फरशीचा पत्रा सोळा गेजचा टाकला आणि बाजूंना त्याहून पातळ, अठरा गेज. वेल्डिंग सीओटूचं, सलग न मारता इथे एक टिपका, मग तिथे एक, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. सांध्यांवर सीलंट, दोन हात इपॉक्सी प्रायमर, मग रंग. मी खालून डांबर मारायला सांगितलं तर आप्पा चिडले. डांबराखाली पाणी एकदा शिरलं की बाहेर येत नाही आणि गंज झाकलेला राहतो, तुमची गाडी त्यानेच मेली, म्हणाले. त्याऐवजी पोकळ्यांमध्ये जळकं ऑइल फवारलं आणि पाणी निघायला फरशीला रबरी बुचं बसवली. पहिला उन्हाळाभर ऑइलचे थेंब अंगणात पडत होते आणि त्यावरून जे बोलणं खाल्लं ते इथे लिहीत नाही.

मोबाइलवर व्हिडिओ बघून मी एक यादी नेली होती. गाडी चार इंच उंच करायची, रुंद टायर, मोठं इंजिन. आप्पांनी यादी वाचून घडी केली आणि माझ्याच खिशात ठेवली. ही गाडी चाकापासून चाकापर्यंत ९१ इंच. एवढ्या आखूड गाडीला उंच केलं की मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो आणि त्याचे सांधे, म्हणजे क्रॉस, तुटत राहतात. शिवाय वळणावर उलटायची भीती. मग मूळ पाट्यांनाच (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) लोहाराकडून कमान भरून आणली, मेन पाटा नवा टाकला, बुश बदलले. गाडी कारखान्यातून निघाली होती तेवढीच उंच झाली, पण तीस वर्षांत बसलेली कंबर उठली.

इंजिनाचंही तेच. प्यूजोचं एक्सडीपी ४.९० आहे, म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), २११२ सीसी. ताकद फार नाही. पण कॉम्प्रेशन तपासल्यावर आप्पा म्हणाले, याला हात लावायचा नाही. नोझल आणि डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन केलं, चारही हीटर प्लग नवे टाकले, रेडिएटर उघडून साफ केला. रेडिएटरचा खर्च मला फुकट वाटला होता. पुढच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना लो गिअरमध्ये चढ चढत होतो आणि काटा मध्यावर स्थिर होता. तेव्हा तो खर्च पटला.

इंजिन बदललं नाही हे कागदांसाठीही बरं झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसी बुकातला तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. गाडी १९९३ ची. पहिली पंधरा वर्षं संपली २००८ ला, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे २०२३ ला माझी पाळी. तेव्हा पाच हजार फी होती, वर पर्यावरण कर. जळगावला निरीक्षकाने चॅसी नंबर बोटाने चाचपून बघितला. ग्रीस-टेपची आठवण झाली.

टायर मूळ मापाचेच, ६.०० बाय १६, फौजी नक्षीचे. आप्पांचं म्हणणं, अरुंद टायर चिखल कापून खालच्या कडक थराला धरतो. हे निम्मंच खरं आहे. नाल्याच्या गोट्यांत, मुरमाच्या चढावर हे टायर कमाल चालतात. पण तापीकाठच्या काळ्या रानात कापत खाली गेलं तर खाली काळीच असते. जुलैत एका शेतात तसा रुतलो. चारही चाकं जिलेबीसारखी फिरत होती, खाचांत माती भरून टायर गुळगुळीत झाले. शेवटी बैलजोडी लावून गाडी काढली. त्यातल्या डाव्या बैलाचं पोट मी फेब्रुवारीत फुगलेलं उतरवलं होतं. मालकाने पैसे घेतले नाहीत, फक्त गावभर सांगितलं.

फोर बाय फोर ज्याने कधी चालवलेली नाही त्याच्यासाठी थोडं. या गाडीत मुख्य गिअरशिवाय दोन छोटे दांडे आहेत, एक पुढची चाकं जोडायचा आणि दुसरा हाय-लोचा. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडत नाही. लो पडला की जोर जवळजवळ अडीचपट आणि वेग बैलगाडीचा. डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडून ठेवायची नाहीत. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात, मधे तो फरक सोसणारं काही नाही, मग सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. गाडी देताना आप्पांनी हे मला गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत तासभर शिकवलं. दोन्ही एक्सलच्या ब्रीदरला (हवा जायच्या भोकाला) रबरी नळी लावून ती वर बॉनेटखाली नेली. तापलेलं एक्सल थंड नाल्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सिलातून पाणी ओढून घेते. या नळ्यांचे त्यांनी दोनशे रुपये लावले. तीन पावसाळ्यांत एक्सल ऑइल एकदाही दुधासारखं झालेलं नाही.

आता तक्रारी. वेळेचं सांगितलंच. फोन उचलत नाहीत. "पुढच्या शुक्रवारी या" म्हटलं की कोणता शुक्रवार ते विचारून घ्या. मी तीनदा चोपड्याहून जाऊन चहा पिऊन परत आलो. चौथ्यांदा जानेवारीचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी डब्यात घेऊन गेलो, तर त्याच दिवशी गिअरबॉक्स बसला. याला योगायोग म्हणा. बिल कागदावर मिळालं, पण चुरगळलेल्या वहीच्या पानावर, आणि त्यात "किरकोळ" या सदराखाली अकरा हजार. विचारल्यावर आप्पांनी एकेक नट-बोल्ट आठवून नऊ हजार चारशेपर्यंत हिशेब दिला आणि उरलेले सोळाशे परत केले. आधी विचारलं नसतं तर गेले असते.

ब्रेक कामचलाऊ. चारही चाकांना ड्रम आहेत, चिखल आत गेला की घासतात, पाण्यातून आल्यावर पेडल हलकं दाबून थोडं अंतर चालवून वाळवावे लागतात. ही गाडीचीच जात आहे, गॅरेजला दोष नाही. वायरिंगला मात्र दोष आहेच. आप्पा वायरिंग स्वतः करत नाहीत, बाहेरचा एक इलेक्ट्रिशियन येतो. त्याने जुन्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) जागोजागी जोड देऊन टेप गुंडाळला. पहिल्याच पावसात रात्री आठ वाजता, उमर्टीकडून येताना, दोन्ही हेडलाइट गेले आणि हाताखालच्या पोराने बॅटरी धरून मला गावापर्यंत आणलं. आप्पांनी ऐकून मान्य केलं, दुसऱ्या वेळी नवा हार्नेस टाकला, मजुरी घेतली नाही. पण चूक मुळात व्हायलाच नको होती.

पत्रा आणि चॅसीसाठी पाचपैकी पाच. सल्ल्यासाठी सहा देता आले असते तर दिले असते. वेळेसाठी दीड. तुमची गाडी रोज लागणारी असेल तर इथे नेऊ नका. अभयारण्यात घुसवून व्हिडिओ काढायचे असतील तरी नेऊ नका. यावलच्या जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे, आणि आप्पा अशा गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवतात, मी पाहिलंय.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. आप्पा परत पेचकस घेऊन खाली गेले. ठक, ठक, ठक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "च्या ल्या, डॉक्टर." डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो, हे मी सांगायचं विसरलो.